देवघरातल्या पितळी अन्नपूर्णेचं तैलचित्र: उजेड लावण्यापासून वार्निशपर्यंत

लग्नात माहेरून आलेली अन्नपूर्णा रंगवायला घेतली की बहुतेक चित्रं एकाच ठिकाणी फसतात. आकार ओळखू येतो, पण पितळ दिसत नाही. मूर्ती पिवळ्या प्लास्टिकची वाटते, नाहीतर बेसनाची. हात चांगला असलेल्यांचंही असं होतं, कारण कामाचा क्रम चुकतो. उजेड ठरण्याआधीच फोटो निघतो, गडद-फिकट छटा बसण्याआधीच पिवळा लागतो आणि शेवटी द्यायची चमक पहिल्याच दिवशी दिली जाते.

खालची मापं ७ सेंटिमीटर उंचीच्या, बैठ्या, दोन्ही हातांत पळी आडवी धरलेल्या मूर्तीसाठी आणि १२ × १६ इंची उभ्या कॅनव्हाससाठी आहेत. रांगता बाळकृष्ण किंवा गणपती असेल तरी क्रम हाच. खंडोबाच्या टाकाला मात्र खोली फारशी नसते, म्हणून त्यावर उजेड बराच तिरका सोडावा लागतो.

## टप्पा १: मूर्ती देवघरातून बाहेर आणण्याआधी

घरात पूजा कोण करतं त्यांना आधी विचारा आणि रोजची वेळ ठरवून घ्या. पूजा आटोपल्यावर मूर्ती बाहेर, दिवेलागणीच्या आत परत, हे बहुतेक घरांत जमतं. चित्राला दोन-दोन तासांच्या सहा ते आठ बैठका लागतात. म्हणजे मूर्ती तेवढ्या वेळा हलणार, आणि प्रत्येक वेळी ती नेमकी त्याच जागी, त्याच कोनात बसली पाहिजे. त्यासाठी टेबलावर पुठ्ठा चिकटवा आणि मूर्तीखालच्या ताटलीचा घेर पेन्सिलीने आखून ठेवा. ताटलीच्या काठावर एक खूण आणि पुठ्ठ्यावर तिच्यासमोर दुसरी खूण, एवढं पुरतं.

मूर्ती उभी राहावी म्हणून तिला एम-सील, फेव्हिकॉल किंवा दुहेरी चिकटपट्टी लावू नका. अन्नपूर्णा एरवीही तांदळात बसवतात, तेच इथे करा. लहान ताटलीत दीड-दोन सेंटिमीटर उंचीचे तांदूळ घेतले की मूर्ती डगमगत नाही, कोन बोटाने हवा तसा वळवता येतो आणि पांढऱ्या तांदळावरून उजेड उसळून पळीच्या खालच्या बाजूला, हनुवटीखाली पोचतो. चित्राला हा खालून येणारा उजेड फार उपयोगी पडतो.

आता स्वच्छतेबद्दल, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. चित्रासाठी म्हणून मूर्ती घासू नका. पितांबरीने लखलखीत केलेलं पितळ आरशासारखं होतं. त्यात खिडकी, टेबल, तुमचा शर्ट, सगळं उमटतं आणि नाक-डोळ्यांचा आकार त्यात हरवतो. चिंच-मीठ किंवा लिंबू जास्त वेळ राहिलं तर आम्लाने पितळातलं जस्त पृष्ठभागावरून निघून जातं आणि तिथे तांबूस डाग उरतात. शिवाय घासलेलं पितळ आठवडाभरात पुन्हा काळवंडू लागतं, त्यामुळे पहिल्या आणि सहाव्या बैठकीतली मूर्ती वेगवेगळ्या रंगाची दिसते. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी तुपाचा चिकटा काढा, लगेच पुसून कोरडी करा. मुकुटाच्या खाचांत, बोटांमध्ये, पदराच्या चुण्यांत बसलेला काळेपणा तसाच राहू द्या. आकार वाचता येतो तो त्या काळेपणामुळेच. घरच्या रिवाजाप्रमाणे मूर्ती घासायचीच असेल, तर काम सुरू करण्याच्या आठ दिवस आधी घासा आणि चित्र संपेपर्यंत पुन्हा हात लावू नका.

सावध: टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. देवघराजवळ, तेवती समई किंवा उदबत्ती असलेल्या खोलीत तैलरंगाचं काम मांडू नका.

## टप्पा २: उजेड

एकच उजेड, एकाच बाजूने. खोलीतला ट्यूबलाइट बंद, दुसऱ्या खिडकीचा पडदा ओढलेला. दोन बाजूंनी उजेड आला की पितळावर दोन-दोन चमका येतात आणि गोलाई सपाट होते.

उत्तरेची खिडकी चांगली असं सगळीकडे सांगितलं जातं, कारण तिथून थेट ऊन येत नाही. आपल्याकडे हे वर्षभर खरं नाही. मुंबई-पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आणि नागपुरात मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय उन्हाळ्याच्या अर्ध्या वर्षात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत शिरतं. त्या दिवसांत काचेला ट्रेसिंग पेपर लावा. खिडकीच सोयीची नसेल तर ९ वॅटचा एक एलईडी दिवा मूर्तीपासून ५०-६० सेंटिमीटरवर, डावीकडे वर, समोरून साधारण ४५ अंशांत ठेवा आणि त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर धरा. उघड्या दिव्याने सुईच्या टोकाएवढे तीव्र ठिपके पडतात. झाकलेल्या दिव्याने रुंद, वाचता येईल अशी चमक पडते.

पितळ रंगवणं म्हणजे त्यात काय उमटतंय ते रंगवणं. म्हणून काय उमटावं हे तुम्ही ठरवा. उजेडाच्या विरुद्ध बाजूला, मूर्तीपासून १०-१५ सेंटिमीटरवर काळा कार्डपेपर उभा करा. गालाची आणि दंडाची ती कड गडद होऊन आकार बंद होतो. ती बाजू फारच बुडाली तर काळ्या कागदाच्या मागच्या अर्ध्या भागात पांढऱ्या थर्माकोलची दोन बोटं रुंदीची पट्टी लावा, म्हणजे गडद भागात एक बारीक उजळ रेघ येते. कागद पुढेमागे सरकवत पाहा, घाई करू नका. अर्धा-पाऊण तास इथे गेला तर पुढचे चार तास वाचतात.

मूर्ती किती उंचीवर ठेवायची? टेबलावर ठेवून वरून पाहिलं की ती बाहुलीसारखी दिसते: मुकुट मोठा, मांडी नाहीशी. तुम्ही बसल्यावर तुमची नजर मूर्तीच्या छातीच्या रेषेत येईल इतकं तिला पाटावर, पुस्तकांच्या थप्पीवर चढवा. ७ सेंटिमीटरची मूर्ती चित्रात भारदस्त दिसते ती या एका बदलाने.

तपासा: डोळे अर्धवट मिटून पाहा. सगळ्यात उजळ जागा एकच दिसली पाहिजे, बहुधा मुकुट किंवा कपाळ. पळी आणि गुडघे चेहऱ्यापेक्षा जास्त चमकत असतील तर ताटली थोडी फिरवा.

## टप्पा ३: फोटो

फोटो लागतो, पण रेखाटनाची पडताळणी करण्यापुरता. रंग मात्र समोरच्या मूर्तीवरूनच घ्यायचे.

लहान वस्तूला फोन अगदी जवळ नेला जातो आणि चित्र तिथेच बिघडतं. मूर्तीची खोली ४ सेंटिमीटर धरली आणि फोन १२ सेंटिमीटरवर असला, तर पुढचे गुडघे मागच्या पाठीपेक्षा ३३ टक्के मोठे येतात. फोन १ मीटरवर नेऊन झूम केला तर हा फरक ४ टक्क्यांवर येतो. पुढे आलेली पळी, फुगलेले गुडघे, आखूड धड ही तक्रार बहुतेक वेळा या अंतरामुळेच असते. फोन तुमच्या डोळ्याच्याच जागी, स्टँडवर ठेवा. फ्लॅश बंद, एचडीआर (उजळ-गडद भाग आपोआप सारखे करणारी फोनची सोय) बंद. स्क्रीनवर सगळ्यात उजळ जागेवर बोट टेकवून उजेड कमी करा आणि एक फोटो घ्या, मग मध्यम, मग सावल्या दिसतील असा तिसरा. एकाच फोटोत पितळाची चमक आणि सावली दोन्ही नीट येत नाहीत.

मधला फोटो कृष्णधवल करून ए-फोर कागदावर छापा, मूर्ती २३ सेंटिमीटर उंच येईल अशा मापात. कॅनव्हासवर तिची उंची तेवढीच ठेवायची आहे. १६ इंच म्हणजे साधारण ४०.५ सेंटिमीटर. त्यात २३ सेंटिमीटरची मूर्ती, वर दहा-अकरा सेंटिमीटर मोकळी जागा आणि खाली तांदूळ-ताटलीला सहा-सात.

## टप्पा ४: साहित्य

- कॅनव्हास बोर्ड किंवा ताणलेला कॅनव्हास, तयार प्राइम केलेला, म्हणजे आधीच पांढरं अस्तर दिलेला. बोट फिरवून पोत पाहा. जाड विणीचा घेऊ नका, लहान चेहऱ्यावर धागे आडवे येतात.
- तैलरंग: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ उंबर, बर्न्ट उंबर, क्रिमझन, कॅडमियम रेड, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. काळा लागत नाही.
- ब्रश: चपटे ताठ केसांचे ४, ६, ८ नंबर, मऊ चपटा ४, गोल २ आणि ०.
- जवसाचं तेल आणि चित्रकारांसाठीचं टर्पेंटाइन. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर फक्त ब्रश धुवायला.
- सुती चिंध्या, पॅलेट नाइफ, गेरू किंवा तपकिरी खडू, ट्रेसिंग पेपर.

सोनेरी रंग घेऊ नका. त्यातली धातूची पूड समोरून चमकते, बाजूने पाहिलं की काळपट दिसते, आणि तुम्ही कष्टाने बसवलेल्या छटा त्याखाली मरतात. काही वर्षांनी तो मळकटही होतो.

## टप्पा ५: जमीन आणि रेखाटन

पांढऱ्या कॅनव्हासवर पितळाच्या छटा नीट जोखता येत नाहीत, सगळंच गडद वाटतं. म्हणून आधी जमीन, म्हणजे सगळ्यात खालचा पातळ हात: रॉ उंबर आणि थोडा यलो ऑकर टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून पूर्ण कॅनव्हासवर फिरवा, चिंधीने पुसून घ्या आणि दोन दिवस वाळू द्या. घाई असेल तर हाच हात ॲक्रिलिकने द्या, तासाभरात वाळतो. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही.

रेखाटन आधी वेगळ्या कागदावर, २३ सेंटिमीटर उंचीत करा. मध्यरेषा काढा आणि मुकुटाच्या टोकापासून आसनापर्यंत उंचीचे तीन भाग पाडा. घरगुती ओतीव मूर्तींमध्ये मुकुटासह डोकं बऱ्याचदा एकूण उंचीच्या तिसऱ्या भागाच्या आसपास येतं. माणसाचं बसलेलं प्रमाण सवयीने हाताला येतं आणि डोकं लहान होतं, मग मूर्ती आपल्या घरातली राहत नाही. पळीचा तिरकेपणाही मोजा. दोन्ही मुठी क्वचितच एका पातळीत असतात.

कागदावरचं रेखाटन छापील फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून पडताळा, मग ट्रेसिंगच्या मागे गेरू घासून ते कॅनव्हासवर उतरवा. कार्बन पेपर वापरू नका, त्याची रेघ रंगातून वर येते.

चेहऱ्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वर्षानुवर्षं स्नान घालून, पुसून, गंध लावून या मूर्तींचे नाक-डोळे झिजलेले असतात. डाव्या डोळ्याची रेघ अर्धीच उरलेली असते, ओठ म्हणजे फक्त एक खळगा. रंगवताना तिथे कॅलेंडरवरच्या देवीचे टपोरे डोळे आणि रेखीव ओठ बसवण्याचा मोह होतो. तसं केलं की चित्र दुसऱ्याच कुठल्या मूर्तीचं होतं. दोन-तीन पिढ्यांच्या हातांनी झिजवलेलं तेच तर या मूर्तीचं रूप आहे. जे दिसतं तेवढंच काढा. डोळा दिसत नसेल तर डोळ्याच्या जागची सावली काढा.

तपासा: कॅनव्हास उलटा करा आणि छापील फोटोही उलटा धरा. खांद्यांचा तोल आणि पळीचा कोन चुकला असेल तर इथे लगेच खुपतो.

## टप्पा ६: एका रंगात छटा

फक्त रॉ उंबर, टर्पेंटाइनने पातळ केलेला. पांढरा नाही, पिवळा नाही. उजळ जागा चिंधीने पुसून काढायच्या.

पाच छटा ठरवा: १ सगळ्यात उजळ, ५ सगळ्यात गडद. मूर्ती फक्त २, ३, ४ आणि ५ मध्ये बसवा, १ नंबर शेवटच्या बैठकीसाठी राखून ठेवा. मातीच्या मडक्यावर छटा हळूहळू उतरते. पितळावर ती उडी मारते: दोनच्या शेजारी थेट पाच, मध्ये काही नाही. दंडावर पाहा, उजळ पट्टा, त्याला लागून कडक काळी कड, पलीकडे पुन्हा मध्यम. या कडा मऊ ब्रशने एकमेकांत मिसळल्या की धातू संपला आणि प्लास्टिक सुरू झालं. झिजलेल्या सपाट जागी, म्हणजे गाल, पोट, गुडघ्याचा माथा, कडा थोड्या मऊ असतात. खाचांजवळ कडक.

पार्श्वभूमी आणि तांदळाची सावलीही याच बैठकीत. मूर्ती तांदळाला जिथे टेकते तिथली बारीक काळी रेघ सुटली तर ती हवेत तरंगते.

उंबर लवकर वाळतो, दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात चार-पाच धरा. बोट टेकवून चिकटत नाही ना, एवढं पाहा.

तपासा: फोनवर कॅनव्हासचा कृष्णधवल फोटो काढून मूळ फोटोशेजारी ठेवा. लांबून दोन्ही सारखे दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. या टप्प्याला मूर्ती धातूची वाटत नसेल, तर रंग लावून ती वाटणार नाही.

## टप्पा ७: रंग

आधी मागचं कापड, मग तांदूळ, मग मूर्ती. पितळाचा पिवळा नेहमी शेजारच्या रंगावर ठरतो, त्यामुळे मूर्ती आधी रंगवून मागे कापड भरलं तर सगळा पिवळा पुन्हा करावा लागतो. कापड जांभळट किंवा गर्द हिरव्या खणाचं असेल तर उत्तम, जांभळ्यासमोर पिवळा उठतो. खणाची नक्षी पूर्ण काढू नका. उजेडाकडच्या कोपऱ्यात चार-सहा बुट्टे सुचवा, बाकी विरू द्या. काठ मात्र मूर्तीच्या डोक्यामागून आडवा जाणार नाही असा सरकवा.

आता पितळ. ट्यूबमधल्या कुठल्याही एका पिवळ्याने ते होत नाही. जागेनुसार मिश्रणं अशी:

- सगळ्यात गडद (खाचा, पळीखाली): बर्न्ट उंबर २ भाग, अल्ट्रामरीन १ भाग.
- गडद मध्यम: रॉ उंबर आणि यलो ऑकर सारखे, त्यात टाचणीच्या टोकाएवढा व्हिरिडियन. जुनं पितळ सावलीत हिरवट असतं. हा हिरवट भाग चुकला की मूर्ती तांब्याची वाटते.
- मध्यम: यलो ऑकर ३, रॉ उंबर १.
- उजळ: यलो ऑकर २, लेमन यलो १, पांढरा अर्धा.
- दोन पितळी भाग समोरासमोर येतात तिथे, उदाहरणार्थ दंड आणि कुशीच्या मध्ये, मांडीच्या वळणात: बर्न्ट सिएना आणि ऑकर, पांढरा अजिबात नाही.
- वरच्या बाजूंना, खांदे, मुकुटाचा माथा: पांढरा, थोडा अल्ट्रामरीन, किंचित ऑकर. खिडकीतल्या आकाशाचं हे थंड राखाडी प्रतिबिंब.

पाचव्या मिश्रणाकडे नीट लक्ष द्या. उजेड एका पितळी भागावरून दुसऱ्यावर आपटतो तेव्हा तो दोनदा पिवळा होतो, म्हणून अशा कुशींत पितळ जवळजवळ नारिंगी दिसतं. नवखे लोक तिथे तपकिरी सावली भरतात. ही नारिंगी ऊब आणि खांद्यावरचा थंड राखाडी शेजारी आले की पितळ जिवंत होतं.

पांढरा जपून. ऑकरमध्ये पांढरा वाढत गेला की बेसन तयार होतं. उजळपणा हवा असेल तर आधी लेमन यलो वाढवा, मग शेजारची जागा गडद करा आणि शेवटी पांढऱ्याकडे वळा.

मूर्तीच्या खालच्या भागात कापडाचा रंग आणि तांदळाचा पांढुरका उजेड उमटलेला असतो. मांडीच्या खालच्या कडेला ऑकरमध्ये मिसळलेला जांभळा, पळीच्या पोटाला फिकट राखाडी-पिवळा द्या. हे दिलं नाही तर मूर्ती कापून चिकटवल्यासारखी दिसते.

पहिल्या थरात रंग टर्पेंटाइनने सैल करा. पुढच्या थरांत टर्पेंटाइन कमी करत जवसाचं तेल वाढवा. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि भेगा पडतात. तांदूळ दाणा-दाणा काढू नका. राखाडी-पिवळसर ढीग एका रंगात घाला, उजेडाकडच्या कडेला आणि मूर्तीच्या पायाशी तेवढे पंधरा-वीस दाणे गोल २ नंबरने टिपा.

सावध: तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

## टप्पा ८: चमक, आणि मग कुंकू

रंगाचा थर स्पर्शाला कोरडा झाला की राखून ठेवलेली १ नंबरची छटा काढा: पांढरा, त्यात लेमन यलोचा स्पर्श. रंग घट्ट, तेल-टर्पेंटाइन न घालता. ब्रशने एकदा ठेवायचा आणि उचलायचा, घासायचा नाही.

एकूण पाच ते सात जागा पुरतात, त्यात सगळ्यात मोठी मुकुटावर किंवा कपाळावर. प्रत्येक चमकेचा आकार खिडकीचा असतो: गोल भागावर वाकडा चौकोन, पळीच्या दांड्यावर लांब रेघ. सगळीकडे गोल ठिपके दिले की ते दवबिंदू वाटतात. प्रत्येक दागिन्याच्या मण्याला चमक देण्याचा मोह आवरा. एक मणी चमकला की बाकीचे डोळा स्वतः भरून घेतो.

हळदकुंकू यानंतर. क्रिमझन आणि कॅडमियम रेड सारखे घेऊन, तेल न घालता, कोरड्या ब्रशने टेकवा. कुंकू चमकत नाही, ते उजेड पिऊन घेतं, आणि त्या निस्तेज लाल ठिपक्याशेजारी कपाळाची चमक दुप्पट वाटते. फूल ठेवायचं असेल तर झेंडू टाळा, तो पितळाच्याच रंगाचा आहे. तगर, मोगरा किंवा तुळशीची दोन पानं चांगली. फूल तासाभरात मान टाकतं, म्हणून ते एकाच बैठकीत संपवा.

तपासा: चित्र आरशात पाहा आणि तीन मीटर मागे जा. नजर आधी चेहऱ्यावर जात नसेल तर नवीन काही घालू नका. गुडघ्यावरची किंवा पळीवरची एक चमक बोटाने पुसा आणि पुन्हा पाहा.

## टप्पा ९: वाळवणं आणि पाठ

चित्र भिंतीला तोंड करून पण टेकू न देता, हवेशीर जागी, धुळीपासून दूर ठेवा. उंबर असलेले काळे भाग मधूनमधून निस्तेज होतात, त्याला घाबरून वर रंग चढवू नका, वार्निशने ते परत खुलतात. वार्निश किमान सहा महिन्यांनी, पातळ, एकाच दिशेने दोन हात. पावसाळ्यात नको, ओलसर हवेत ते दुधाळ होतं. काच लावायची असेल तर काच आणि रंग यांच्यात अंतर ठेवणारी फ्रेम करून घ्या. चित्र स्वयंपाकघरात गॅसच्या वर किंवा देवघराच्या समईसमोर टांगू नका, तेलकट काजळी बसते.

कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर मऊ पेन्सिलीने लिहा: मूर्ती कोणाच्या माहेरून आली, कोणत्या साली, मूर्तीची उंची, वापरलेले रंग आणि वार्निश. कापडावर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. माहेरचं गाव आणि साल घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईंना विचारून घ्या, पुष्कळदा ते फक्त त्यांनाच माहीत असतं.